उंदराने कुरतडलेली बाराखडी

दिवाळीची आवराआवर म्हणजे घरातील जुन्या वस्तूंची वार्षिक परीक्षाच म्हणावयाची. माळ्यावरच्या ट्रंकेपासून कोनाड्यातल्या समईपर्यंत प्रत्येक वस्तूला त्या चार दिवसांत परीक्षकांपुढे उभे राहावे लागते, आणि 'राहू द्या' किंवा 'भंगारात' असा निकाल तिथल्या तिथे लागतो. गेल्या वर्षी आमच्या घरी या परीक्षेत एक वस्तू नापास होता होता राहिली. ती वस्तू म्हणजे वडिलांच्या जुन्या संगणकाचा कळफलक, आपण सारे ज्याला कीबोर्ड म्हणतो तो.

दोन दिवसांपासून "अक्षर उमटत नाही" अशी बाबांची तक्रार होतीच. टेबल भिंतीपासून ओढले तेव्हा कारण सापडले. कीबोर्डपासून वीतभर अंतरावर केबल उंदराने कुरतडली होती. वरचे वेष्टन पार गेले होते आणि आतल्या बारीक तारांचे टोक बाहेर डोकावत होते. उंदराला तरी दोष किती द्यावा? त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडावेच लागते. शिवाय दोनच महिन्यांपूर्वी आपणच त्याला गणरायाच्या पायाशी बसवून मोदकाचा मान दिलेला असतो!

"नवा आणू," मी सहज म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी आणलाही. पातळ, चपटा, दिसायला मोठा देखणा. बाबांनी त्यावर दहा मिनिटे बोटे फिरवली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "हा मुका आहे रे. याच्यावर अक्षर पडलं की नाही, ते कळतच नाही."

त्या 'मुका' शब्दाने मी थबकलो. माझ्या लेखी जो प्रश्न काही शे रुपयांचा होता, तो बाबांच्या लेखी तसा नव्हता.

बोटांना येणारी मराठी

बाबा अर्जनवीस. वर्धा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीसमोर, कडुनिंबाच्या सावलीत, टेबल मांडून त्यांनी तीस-पस्तीस वर्षे लोकांचे अर्ज टाइप केले. त्यांचा टाइपरायटर गोदरेजचा होता. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टाइपरायटर काढावयास सुरुवात केली आणि २००९ साली ते उत्पादन थांबवले. त्याच्या थोडे आधीच बाबांनी काळाची पावले ओळखून एक जुना संगणक घेतला होता. परंतु अक्षरांची मांडणी मात्र त्यांनी बदलली नाही. टाइपरायटरवरची 'रेमिंग्टन' पद्धतीची मांडणीच त्यांनी संगणकातही बसवून घेतली.

याचे कारण साधे आहे. 'कि' हे अक्षर घ्या. टाइपरायटरच्या पद्धतीत आधी ऱ्हस्व वेलांटी मारावयाची आणि मग 'क', कारण कागदावर वेलांटी आधी येते. संगणकासाठी सरकारने ठरवलेल्या 'इनस्क्रिप्ट' पद्धतीत उलट आहे. तेथे आधी 'क' आणि मग वेलांटी, कारण उच्चारात 'क' आधी येतो. इनस्क्रिप्टची मांडणी शास्त्रशुद्ध आहे; स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. मी विद्यार्थ्यांना तीच शिकण्याचा आग्रह करतो. परंतु ज्याच्या बोटांनी पस्तीस वर्षे वेलांटी आधी मारली, त्याला सत्तरीनंतर "आता क आधी" असे सांगणे म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्या हाताने जेवावयास सांगण्यासारखे आहे.

त्यात बाबांना काचबिंदू. पडद्यावरची अक्षरे एवढी मोठी करून ठेवली आहेत की एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावतात. तेव्हा ते डोळ्यांनी टाइप करीत नाहीत, बोटांनी करतात. त्यांचा जुना कीबोर्ड जाडजूड, यांत्रिक कळांचा. त्यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असते. कळ ठराविक खोलीवर गेली की बोटाला हलकासा हिसका जाणवतो आणि 'टक्' असा आवाज होतो. हा टक् म्हणजे बाबांची पोचपावती. नव्या चपट्या कीबोर्डात कळांखाली रबराचा मऊ पापुद्रा असतो. तो आवाजही करीत नाही आणि हिसकाही देत नाही.

आणि बाबा लिहीत तरी काय होते? ते एक यादी करीत होते. अर्ज सांगावयास आलेला शेतकरी 'धुरा' म्हणे, बाबा 'बांध' टाइप करीत. तो 'बंडी' म्हणे, बाबा 'बैलगाडी' लिहीत. 'सालदार' म्हटले की 'वार्षिक मजुरीवरील शेतमजूर'. कचेरीची भाषा ठरलेली. तिच्यात अर्ज बसला नाही तर तो परत यावयाची भीती. "लोक त्यांच्या शब्दांत सांगत आणि मी ते खोडून दुसरेच लिही. पस्तीस वर्षं हेच केलं," असे ते एकदा जेवताना म्हणाले होते. ती खंत धुऊन काढण्यासाठीच त्यांनी हे मागे राहिलेले शब्द, त्यांचे अर्थ आणि ते कोणत्या भांडणात ऐकले त्याची हकीगत, अशी अकारविल्हे यादी हाती घेतली होती. मी मराठीचा प्राध्यापक. पण ही यादी मी करू शकत नाही. ते शब्द माझ्या कानांवरून गेलेले नाहीत. यादी 'प' या अक्षरापर्यंत आली होती आणि उंदराने तेथेच पूर्णविराम दिला होता.

दिवे काय सांगतात?

संगणकाच्या एका दुकानात जुना कीबोर्ड दाखवला. काउंटरवरच्या मुलाने तो हातातसुद्धा घेतला नाही. "सर, हे आता कोणी रिपेअर करत नाही," असे म्हणून त्याने नव्या मालाचा कागद पुढे केला. बाबांना चालेल असा यांत्रिक कळांचा नवा कीबोर्ड मिळतो, नाही असे नाही. परंतु त्याची किंमत हजारांत जाते, आणि त्याची कळ हाताला तशीच लागेल याची खात्री कोणी देत नाही.

शेवटी मी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रेडिओवाल्या काकांकडे गेलो. एके काळी ते रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही, जे येईल ते दुरुस्त करीत. आता हात कापतो म्हणून काम बंद आहे, पण अवजारांची पेटी अजून पलंगाखाली आहे. त्यांनी केबलच्या तुटक्या तारा जराशा सरळ केल्या आणि कीबोर्ड माझ्या घरी आणून बंद संगणकाला लावावयास सांगितला. मग संगणक सुरू केला. कीबोर्डच्या कोपऱ्यातले तीन हिरवे दिवे एकदा लुकलुकले आणि विझले. काका हसले.

"सर, हे मेलं नाही. दिवे लागले म्हंजे पोटात दाणापाणी जाऊन रायलं. याचं बोलनं तेवळं बंद हाये. फेकू नोका."

या एका वाक्यात केवढे निदान होते ते मला मागाहून कळले.

चार तारांचा संसार

या कीबोर्डाच्या केबलच्या टोकाला जांभळ्या रंगाचे गोल प्लग असते. त्यात सहा बारीक पिना. या जोडणीला 'पीएस/२' म्हणतात. आयबीएम कंपनीने १९८७ साली याच नावाच्या आपल्या संगणकांबरोबर ती आणली. पुढे जांभळे प्लग कीबोर्डाचे आणि हिरवे माउसचे, असा संकेत पडला. सहांपैकी चारच पिना कामाच्या असतात. एक तार पाच व्होल्ट वीज आणते, दुसरी ती परत नेते. तिसरी ताल धरते आणि चौथी निरोप पोहोचवते.

'ताल धरते' हे मी अलंकारिक बोलत नाही. तिसऱ्या तारेवरून सेकंदाला दहा हजारांहून अधिक ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याला चौथ्या तारेवरून 'आहे' किंवा 'नाही' एवढेच कळवले जाते. असे अकरा ठोके झाले की एक निरोप पुरा होतो. पहिला ठोका 'ऐका' म्हणून, मधले आठ प्रत्यक्ष आकड्याचे, एक आकडा बरोबर पोहोचला की नाही हे पडताळण्याचा आणि शेवटचा 'झाले' म्हणून.

येथे माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला चकित करणारी गोष्ट अशी की, या निरोपात अक्षर नसतेच! इंग्रजी 'ए'ची कळ दाबली तर कीबोर्ड 'ए' असे सांगत नाही. तो फक्त '२८' हा आकडा पाठवतो. कळ सोडली की आधी '२४०' आणि पुन्हा '२८', म्हणजे 'अठ्ठाविसावी सुटली'. हा त्या कळीचा जणू घरक्रमांक. त्या घरात मराठी अक्षर राहते की इंग्रजी, रेमिंग्टनचे की इनस्क्रिप्टचे, हे आत संगणक ठरवतो. कीबोर्डाला मराठी येत नाही. मराठी संगणकाला शिकवलेली असते, आणि खरी मराठी असते ती टाइप करणाऱ्याच्या बोटांत. मधली केबल ही केवळ या दोघांची गाठ घालून देते.

आता काकांचे निदान स्पष्ट होईल. वीज मिळताच कीबोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि दिवे एकदा लुकलुकवतो. दिवे लागले, त्या अर्थी विजेच्या दोन तारा शाबूत. अक्षर उमटत नाही, त्या अर्थी तालाची किंवा निरोपाची तार तुटली.

माळ तुटली म्हणून चरखा फेकावा काय?

वर्धेच्या माणसाला हे सारे फार नवे वाटू नये. चरख्याचे मोठे चाक आणि चाती यांना जोडणारी जी दोरी असते तिला माळ म्हणतात. ती झिजते, सुटते, तुटते. माळ तुटली की चाक फिरते, चाती मात्र जागची हलत नाही. म्हणून कोणी चरखा उकिरड्यावर टाकत नाही. नवी माळ वळतो. गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी उद्घाटन केलेल्या वर्धेच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार पाहावयास मिळतात. त्याच मगनवाडीत राहून ग्रामोद्योग संघाचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी १९४५ साली 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. टिकाऊपणाला अर्थशास्त्रात मानाची जागा आहे, हे ते तेव्हा सांगत होते. आता सरकारलाही ते पटू लागले आहे. २०२२ साली केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी ई-कचऱ्याचे नवे नियमही निघाले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

वर्धेचा आणि कळफलकाचा आणखीही एक जुना संबंध आहे. १९३५ साली इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले. तेथून लिपिसुधारणेच्या चळवळीला जोर आला आणि काकासाहेब कालेलकर तिचे धुरीण झाले. पुढच्याच वर्षी वर्धेला स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुस्तकांतून 'इ, ई, उ, ऊ' ऐवजी 'अि, अी, अु, अू' छापले जाऊ लागले. सावरकरांचाही मराठीत असाच आग्रह होता. त्यामागे एक व्यावहारिक अडचण होती. छापखान्याच्या खिळ्यांची संख्या अफाट आणि टाइपरायटरच्या कळा मोजक्या. तेव्हा यंत्रात मावेल इतकी लिपी आटोपशीर करावी, असा तो विचार. त्या काळाच्या दृष्टीने तो रास्तच होता.

परंतु आज त्या केबलमधून घरक्रमांकच तेवढे जातात. त्यामुळे एकेका कळीच्या घरात हवे ते अक्षर राहू शकते. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांनाही कोणी बाहेर काढत नाही. लिपीने यंत्राला शरण जाण्याची गरज उरलेली नाही. मग म्हाताऱ्या माणसाने तरी यंत्राला का शरण जावे? त्याच्या बोटांची सवय मोडण्यापेक्षा एक तार जोडणे सोपे नाही काय?

डाख

काकांनी माळ्यावरून एक मेलेला कीबोर्ड काढावयास लावला. कळा गेलेल्या, पण केबल धडधाकट. "तुमी करा, मी सांगतो. माह्या हातानं आता होत नाही," असे म्हणून त्यांनी सोल्डरिंगचे अवजार माझ्या हाती दिले. व्याकरणाखेरीज दुसरे काही कधी न जोडलेला मी, जरा घाबरतच बसलो.

बाबांचा कीबोर्ड पालथा घातला. खालचे स्क्रू काढले. एक कागदी लेबलाखाली दडलेला निघाला. झाकण उघडताच पंधरा-वीस वर्षांची धूळ, दोन मेलेल्या मुंग्या आणि एक राजगिऱ्याचा दाणा यांनी आमचे स्वागत केले. केबल आत शिरते तेथे ती एका खाचेतून वळवलेली होती आणि पुढे छोट्या पांढऱ्या प्लगने आतल्या पट्टीला जोडलेली होती. त्या पांढऱ्या प्लगची मूळ शेपटी बोटभर ठेवून पुढची जुनी केबल कापावयाची आणि त्या शेपटीला दुसऱ्या कीबोर्डाची केबल जोडावयाची, असे ठरले. म्हणजे सांधा पेटीच्या आत राहतो.

मी लाल तार लाल तारेला जुळवू लागलो तसे काकांनी माझे मनगट धरले. "रंगाले भुलू नोका!" प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे असतात. म्हणून मल्टिमीटरची एक सुई जांभळ्या प्लगच्या पिनेला आणि दुसरी एकेका तारेला लावून, 'पीं' असा आवाज येईल ती तार कोणत्या पिनेची, हे आम्ही कागदावर लिहून काढले. दोन्ही केबलींचे असे कोष्टक झाल्यावर कळले की, रंगावर विसंबलो असतो तर विजेची तार थेट निरोपाच्या तारेला जाऊन मिळाली असती.

मग डाख. सोनार दागिन्याला देतात तोच प्रकार. येथे फक्त कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू असतो. त्याचे नेमके प्रमाण साधले तर तो १८३ अंश सेल्सियसला वितळतो. आधी दोन्ही तारा पिळून एकत्र करावयाच्या, तार तापवावयाची आणि तापलेल्या तारेवर डाख वितळू द्यावयाचा. अवजाराच्या टोकावर वितळवून तो थापला तर सांधा कच्चा राहतो. पहिला सांधा साधला आणि मी विजयी मुद्रेने वर पाहिले. काकांनी टेबलावरची बारीक नळी उचलून दाखवली. तापवली की आकसून सांध्यावर घट्ट बसणारी ती नळी जोडण्यापूर्वीच तारेत ओवावयाची असते! झाले, सांधा सोडवून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला मात्र चारही नळ्या आधी ओवल्या. सांधेही एकाशेजारी एक न ठेवता थोडे मागेपुढे घेतले, म्हणजे नळी फाटली तरी दोन सांधे एकमेकांना टेकू नयेत.

शेवटी केबल पुन्हा त्याच खाचेतून वळवली. "झटका जोडाले लागला नाही पायजे; तो खाचेनं खाल्ला पायजे," काका म्हणाले. विजेच्या दोन तारा कोठे एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, हे मीटरने पाहिले. संगणक बंद असतानाच प्लग लावले; ही जुनी जोडणी चालू यंत्रात घालावयाची नसते. मग बटण दाबले.

तीन दिवे लुकलुकले. मी भीत भीत एक कळ दाबली. पडद्यावर बोटाएवढे 'क' उमटले.

काकांनी केबलचे पैसे घेतले नाहीत. डाखाचे म्हणून वीस रुपये घेतले, तेही मी फार आग्रह केला तेव्हा.

पुन्हा 'प'

संध्याकाळी बाबा टेबलाशी बसले. त्यांना केबलचे काही सांगितले नव्हते. त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही हातांच्या तर्जनींनी आपल्या कळा चाचपल्या, एक दाबली आणि तो टक् आवाज ऐकून क्षणभर थांबले. नवी केबल जुनीपेक्षा फिकट रंगाची आहे. ती त्यांना दिसली नाही.

सेवाग्रामला बापूंच्या दप्तरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला टेलिफोन आहे. एके काळी त्यावरून थेट बोलणे होई. आज तो पाहण्यासाठी ठेवलेला आहे. काही यंत्रांचे काम संपते आणि ती मानाने संग्रहालयात जातात, ते योग्यच आहे. पण ज्याचे काम संपलेले नाही, त्याला केवळ तार तुटली म्हणून निवृत्त करू नये. हे यंत्रांइतकेच माणसांनाही लागू आहे, असे काकांच्या पलंगाखाली ती पेटी परत सरकवताना मला वाटले.

यंदाच्या आवराआवरीत मी टेबलाच्या मागची केबल भिंतीवर हातभर उंच खिळ्यांनी बसवली आहे आणि उंदराचे बीळही बुजवले आहे. बाबांची यादी आता 'व' या अक्षरावर आली आहे. त्या संध्याकाळी त्यांनी टाइप केलेली नोंद मात्र मी जपून ठेवली आहे. ती अशी : 'पांदण : गावातून शेतांकडे जाणारी अरुंद वाट. अर्जात मी रस्ता असे लिहीत असे. शब्द पांदणच.'